पडक्या चर्चमधले कोरीव तुकडे : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५

स्थळ : आयर्लंड, मन्स्टर प्रांताचा उत्तर भाग. छप्पर नसलेलं छोटं चर्च, भोवती अजून वापरात असलेलं दफनस्थान. गावाचं नाव आणि नकाशावरचा बिंदू मुद्दाम दिलेला नाही. १५ किलोचा सुटा दगड गाडीच्या डिकीत टाकायला एक माणूस आणि दोन मिनिटं पुरतात, आणि असे दगड चोरीला जातात. ज्यांना स्थळ माहीत असणं गरजेचं आहे त्यांच्या दफ्तरी ते आहे.

५ ऑक्टोबर २०२४

पहिली फेरी. हात न लावता फक्त मोजणी. राष्ट्रीय स्मारक सेवेशी पत्रव्यवहार झालेला आहे आणि दफनस्थानाची देखभाल करणाऱ्या काउंटी कौन्सिलची लेखी संमती खिशात आहे. संमतीत चार गोष्टींना साफ मनाई आहे : खणणं, गवत उपटणं, दगडफूल खरवडणं आणि भिंतीतला दगड हलवणं. मेटल डिटेक्टरचा तर प्रश्नच नाही. संमतीशिवाय तो अशा जागी नुसता बाळगणंही आयर्लंडमध्ये गुन्हा ठरू शकतं.

एकूण ११ तुकडे मोजले. ५ सुटे, चर्चच्या आत दक्षिणेकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर रचून ठेवलेले. ४ भिंतीत बसवलेले. १ अलीकडच्या एका थडग्याच्या डोक्याशी खूण म्हणून उभा. १ दफनस्थानाच्या फाटकाचा खांब. यांतल्या चारांवर अक्षरं दिसतात किंवा दिसल्यासारखी वाटतात : तुकडा (तु.) २, ४, ९ आणि ११. बाकीच्यांवर क्रॉसचे भाग आहेत. फाटकाच्या खांबावर (तु. ६) कडेला खाचा आहेत. त्यांचं नंतर बघू.

तुकडे का होतात याचं उत्तर भिंतीतच आहे. आठव्या-नवव्या शतकातली थडग्याची शिळा बाराव्या-पंधराव्या शतकातल्या गवंड्याला आयती तासलेली फरशी वाटली. एक कड टाकीने सरळ केली, की कोपऱ्याचा दगड तयार. वॉटरफर्ड काउंटीतल्या नॉकबॉयच्या सेस्किनन चर्चमध्ये तर ओगम लिपीचे (आयर्लंडच्या जुन्या, नुसत्या रेघांच्या लिपीचे) दगड दारा-खिडक्यांवरचे आडवे दगड म्हणून बसवलेले आहेत. त्यामुळे अशा चर्चमध्ये खिडक्यांच्या वरच्या दगडाची खालची बाजू आडवं होऊन, टॉर्च लावून तपासायची. इथे तपासली, काही नाही.

१२ ऑक्टोबर

तु. ९ हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. पूर्वेच्या भिंतीत, बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून १.६८ मीटरवर, उलटा बसवलेला. दिसणारा भाग २६५ × १९० मिमी.

चर्च पूर्वाभिमुख असल्यामुळे पूर्वेची भिंत दक्षिणोत्तर असते. सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तेव्हा ऊन तिच्या पृष्ठाला समांतर घासत जातं आणि हवा तसा तिरपा उजेड फुकटात मिळतो. वेळ मात्र घड्याळाच्या बाराची नाही. आयर्लंडचं घड्याळ ग्रिनिचवर चालतं, ही जागा त्याच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला, वर उन्हाळी वेळेचा एक तास. आजच्या तारखेला खरी दुपार १३:२० ला. कामाचा काळ १२:३५ ते १३:१५. त्याआधी ऊन फार समोरून येतं आणि नंतर भिंत सावलीत जाते.

मिळालेला काळ ४० मिनिटं, त्यातली २५ ढगात. उरलेल्या पंधरात १९ फोटो. उभ्या रेघा खणखणीत दिसल्या, आडव्या जवळजवळ गायब. ऊन डावीकडून येत असल्यामुळे हे होणारच. नुसत्या उन्हावर विसंबलेला माणूस इथे सगळी अक्षरं काठ्यांची वाचेल.

अक्षरांत पांढरा खडू भरलेला आहे. कोणीतरी कधीतरी वाचनाच्या हौसेने भरला आणि तो छिद्रांत मुरला. खडूचा खरा अपाय दगडापेक्षा वाचनाला होतो. खडू भरणाऱ्याने जिथे रेघ मानली तिथे ती पुढच्या प्रत्येकाला दिसते. शेवटच्या अक्षरावर त्याने कमान ओढली आहे. ती खाली कोरलेली आहे का, हा या कामातला मुख्य प्रश्न.

१९ ऑक्टोबर

सगळ्या तुकड्यांच्या जागा मोजल्या. हातातला जीपीएस इथे ३ ते ५ मीटर चुकतो आणि ॲश वृक्षांखाली त्याहून जास्त. खिडकीच्या कट्ट्यावरचे पाच तुकडे त्याच्या दृष्टीने एकच बिंदू आहेत. म्हणून चर्चचे दोन बाहेरचे कोपरे मोजणीतली चूक सुधारून घेणाऱ्या जीपीएसने ३ सेंमीपर्यंत पक्के केले, आणि प्रत्येक तुकडा त्या दोन कोपऱ्यांपासून पोलादी टेपने मोजला. टेप आडवा आहे की नाही हे पाणसळीने बघायचं. उतारावर टेप तिरका धरला की ८ मीटरमागे सहज ५-६ सेंमी वाढतात.

प्रत्येक तुकड्याला एक कार्ड : क्रमांक, जागा, दर्शनी बाजू कुठल्या दिशेला, जास्तीत जास्त लांबी-रुंदी-जाडी मिमीमध्ये, दगडाचा प्रकार, कुठली कड मूळची, कुठली तुटलेली, कुठली नंतर तासलेली. हे शेवटचं लिहायला लोक विसरतात. मूळची कड असेल तर तिच्या बाजूला मजकूर संपला हे नक्की. तुटलेली असेल तर काहीच नक्की नाही. तु. ९ ची डावी कड (सरळ धरून बघितल्यावर) टाकीने तासलेली आहे : ठोके समांतर आणि ताजे, कडेपाशी दगडफूल कमी.

२ नोव्हेंबर

फिरत्या प्रकाशाचं छायाचित्रण, तु. ९. कॅमेरा एका जागी घट्ट, दगड एका जागी, फक्त फ्लॅश फिरतो. प्रत्येक फोटोत प्रकाशाची दिशा वेगळी. सॉफ्टवेअर त्यावरून प्रत्येक बिंदूचा कल काढतं आणि मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवता येतो. ही पद्धत २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम माल्झबेंडर यांच्या कामातून आली. आता सगळी साधनं फुकट मिळतात.

घड्याळं गेल्या आठवड्यात मागे गेली, सूर्यास्त पाचच्या सुमारास. जूनमध्ये हेच करायला रात्री साडेदहापर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणून भिंतीतल्या तुकड्यांचं काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी.

मांडणी अशी. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३५ मिमीची स्थिर लेन्स, एफ-८, आयएसओ १००, शटर १/१६०, सगळं मॅन्युअल. फोकस एकदा लावून लेन्सला टेप. कॅमेऱ्याच्या पायांना ५ किलोच्या वाळूच्या पिशव्या. दोन काळे चकचकीत गोळे (त्यांवरच्या चमकीवरून फ्लॅशची दिशा कळते), २० मिमी व्यासाचे, दगडाच्या शेजारी त्याच पातळीत, वेगळ्या स्टँडवर. गोळा दगडाला चिकटवायचा नाही. चिकट पुट्टीतलं तेल वालुकाश्मात उतरतं आणि डाग राहतो. फोटोत गोळ्याचा व्यास २०० पिक्सेलच्या वर हवा. आमच्याकडे तो २६० आला. अंतर सारखं राहावं म्हणून फ्लॅशला १.२ मीटरची सुतळी बांधली, म्हणजे तुकड्याच्या कर्णाच्या तिपटीहून थोडी जास्त. सुतळीचं टोक दगडाच्या मध्याजवळ धरायचं, ताणायची, सोडायची आणि मग फोटो. सुतळी चौकटीत राहिली तर तो फोटो बाद.

एकूण ५६ फोटो, १५ ते ६५ अंशांच्या दरम्यान, छत्रीच्या काड्यांसारख्या आठ ओळींत. जमिनीकडच्या दोन ओळी अपुऱ्या, कारण खाली थडगं आहे आणि त्यावर उभं राहायचं नाही.

काय चुकलं : तीन फोटोंत डोक्यावरचा दिवा चालू राहिला. वाऱ्याने एक गोळा दोनदा हलला आणि त्यानंतरचे सहा फोटो कामातून गेले. उरले ४७. चालतील. पुढच्या वेळी गोळ्यांचा स्टँड काठीचा नको, लोखंडी हवा.

३ नोव्हेंबर

प्रक्रिया. रंग काढून फक्त चकाकीचा पर्याय लावला, की दगड ओल्या शिशासारखा दिसतो आणि खडू नाहीसा होतो. खडूला रंग आहे, पण खोली जवळजवळ नाही. प्रतिमा १८० अंश फिरवून ठेवली. उलट्या दगडावर वाचायचा प्रयत्नच करू नये : 'एन' आणि 'यू' एकमेकांत मिसळतात, 'डी' 'पी'सारखा दिसतो, आणि एकदा डोक्यात बसलेलं अक्षर निघत नाही.

आज वाचन करायचं नाही असं ठरलं होतं. तसं केलं.

१६ नोव्हेंबर

फाटकाचा खांब, तु. ६. कडेला नऊ आडव्या खाचा. ओगम म्हणून याची चर्चा आधी झालेली आहे, म्हणून नीट तपासलं.

ओगम लिपीची मूळ अक्षरं २०, पाच-पाचांचे चार गट. दगडाची कड हीच मधली रेघ. त्या कडेच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा आरपार तिरप्या १ ते ५ रेघा, आणि स्वरांसाठी कडेवरच छोट्या खाचा. सहसा खालून वर वाचतात. म्हणजे एका अक्षरात पाचापेक्षा जास्त रेघा येऊ शकत नाहीत आणि अक्षरांमध्ये अंतर दिसायला हवं.

इथे नऊ खाचा सलग. अंतर १८ ते ४० मिमी, कुठलीच गटवारी नाही. सगळ्या एकाच बाजूला उतरत्या. खाचेचा तळ गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा. टाकीने मारलेली खाच टोकाला अशी विरत नाही, धार घासल्यावर विरते. जमिनीपासून ८५ ते ११५ सेंमी उंची म्हणजे उभ्या माणसाच्या हाताची पातळी. समोरच्या साध्या, न कोरलेल्या खांबावरही त्याच उंचीला चार खाचा आहेत. विळे-कोयते पाजळल्याच्या खुणा. कार्डावर 'ओगम नाही' आणि कारणं. खांबाच्या मागच्या बाजूचा क्रॉस मात्र जुना आहे, तो नोंदीत राहील.

'नाही' हेही कारणांसकट लिहून ठेवायचं, नाहीतर दर पंधरा वर्षांनी कोणीतरी नव्याने ओगम शोधतं.

३० नोव्हेंबर

सुट्या पाच तुकड्यांचं फोटोंवरून त्रिमित मोजमाप. आभाळ भरलेलं, वारा नाही, दगड कोरडे. असा दिवस महिन्याभरात हा पहिलाच. ओला वालुकाश्म चमकतो. चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर तिला दगडाचा भाग समजतं. पावसानंतर सावलीतला तुकडा वरून कोरडा दिसला तरी खाचांत ओल दोन दिवस टिकते.

तु. ४ : ३१० × २४० × ८५ मिमी, अंदाजे १३ किलो. उचलायला दोघंच, हातमोजे रबरी. कापडी हातमोज्यांना कण चिकटून येतात. खाली दुमडलेलं गोणपाट आणि त्यावर काळं कापड. काळं कापड शोभेसाठी नाही : दगड उलटल्यावर मागचं दृश्य तेच राहिलं तर सॉफ्टवेअर दगडाऐवजी पार्श्वभूमी जुळवतं आणि दोन दगड एकमेकांत घुसलेले दिसतात. एकसारख्या काळ्यावर त्याला पकडायला काही सापडत नाही.

दर्शनी बाजू ६४ फोटो, मागची ४०, कडांसाठी ३६. एकूण १४०. अंतर ४० सेंमी, एका पिक्सेलमध्ये ०.०४ मिमी. शेजारच्या फोटोंत ७० टक्के सामायिक भाग. २० सेंमीच्या चार मोजपट्ट्या, दोन दगडाच्या पातळीत आणि दोन थोड्या खाली. सगळ्या एका पातळीत ठेवल्या तर खोलीतली चूक कळत नाही.

मागच्या बाजूला चुन्याचे अवशेष मिळाले. म्हणजे हा 'सुटा' तुकडाही कधीकाळी भिंतीत होता. कट्ट्यावर नुसता पडून राहिला असता तर हे कळलं नसतं.

ठशाबद्दल एक नोंद, कारण इथे ठसा का घेत नाही असा प्रश्न आला होता. महाराष्ट्रातल्या शिलालेखांचे ठसे ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, वर शाईची पुरचुंडी फिरवून घेतात. घट्ट काळा बेसाल्ट ते बहुतेक वेळा सोसतो. इथल्या वालुकाश्माचे कण आतून सुटलेले आहेत. ब्रशचा एक ठोका म्हणजे चिमूटभर वाळू, आणि ती नेमकी अक्षराच्या काठाची. शिवाय दगडफुलाच्या पापुद्र्याला कागद चिकटतो आणि काढताना त्याच्याबरोबर दगडाचा पातळ थर येतो. ठसा घ्यायचा नाही.

८ डिसेंबर

प्रतिकृती तयार. तु. ४ चं पृष्ठ संगणकात ४२ लाख त्रिकोणांनी बनलेलं. मोजपट्ट्यांवरची चूक ०.०८ मिमी. अक्षरांची खोली १.२ ते २.१ मिमी, म्हणजे चूक पुरेशी खाली.

सेटिंगमधले दोन सापळे. पृष्ठ 'मऊ' करण्याचा पर्याय बंद ठेवायचा. तो १ मिमीच्या खाचा पुसून टाकतो आणि दगड साबणासारखा दिसतो. भोकं बुजवण्याचा पर्यायही बंद. जिथे फोटो नाही तिथे तो मनाने पृष्ठ काढतो, आणि वर्षभराने ती जागा खरी की भरलेली हे कोणालाच सांगता येत नाही. भोक भोकच राहू दे.

खाचेचा आडवा छेद काढला. तु. ४ वर तळ उथळ, गोलसर आणि खडबडीत : टोकदार पोलादाने ठोके मारत नेलेली रेघ, नंतर थोडी घासलेली. तु. २ वर छेद टोकदार, काठ कोरे, तळात दगडफूल नाही, आणि एका अक्षराची रेघ दगडफुलाच्या जुन्या वर्तुळाला मधून कापून जाते. तु. २ वरची अक्षरं आधुनिक माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. लेखांच्या यादीतून बाद, तुकडा मात्र यादीत.

तु. ४ वर 'ओ' आणि 'आर' स्वच्छ, आणि दोन्हींवर एक आडवी रेघ. ती रेघ म्हणजे संक्षेपाची खूण. पूर्ण शब्द 'ओरोइत', प्रार्थना. पुढे 'दो' म्हणजे 'च्यासाठी', आणि मग नाव : अमुकसाठी प्रार्थना. आयर्लंडमधल्या थडग्यांच्या शिळांवरचा हा सर्वांत नेहमीचा साचा. शॅननकाठच्या क्लॉनमॅकनॉइजला अशा शिळा आणि तुकडे मिळून ७०० हून अधिक आहेत, पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा संग्रह. त्यांत हा साचा पुनःपुन्हा येतो. कॉर्क काउंटीत टुलीलीसला बेरेख्तुइनेच्या शिळेवर हेच लॅटिनमध्ये जरा ऐसपैस मांडलंय : जो कोणी हा लेख वाचेल त्याने बेरेख्तुइनेसाठी प्रार्थना करावी. म्हणजे लेख पुरा व्हायला वाचणारा लागतोच. आपल्याकडच्या दानलेखांत प्रार्थनेऐवजी शाप मिळण्याची शक्यता जास्त, तोही दान मोडणाऱ्याला.

२१ डिसेंबर

थडग्याच्या डोक्याशी उभा असलेला तु. ११. आज दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम १४ अंश. दक्षिणेकडच्या दर्शनी बाजूवर ऊन थेट पडतं, म्हणून आरशाने वाकवलं : ६० × ४० सेंमीचा ॲक्रिलिक आरसा, दगडाच्या बाजूला दीड मीटरवर. जमत नव्हतं ते अंतर वाढवल्यावर जमलं. एकच अक्षर नक्की : 'डी', गोल पोटाचा, पाठीची रेघ डावीकडे वाकलेली. कुटुंबाची परवानगी फोटोपुरती आहे. दगडाला हात लावलेला नाही आणि फोटो कुठेही प्रसिद्ध करायचे नाहीत.

११ जानेवारी २०२५

वाचनाची बैठक. तीन वाचक, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी बोलणं नाही, खडूचे फोटो कोणालाही दाखवलेले नाहीत. प्रत्येकाने आधी रेखाटायचं, मग अक्षर लिहायचं. उलट क्रमाने केलं तर हात वाचलेलंच काढतो.

तु. ९ : तिघांनीही 'डी, ओ, एम, ए' लिहिलं. 'दो मा...' पुढे एक उभी रेघ आणि तुटलेली कड. इथे फाटे फुटले.

आयरिश अर्ध-अन्शियल वळणात (जुन्या हस्तलिखितांतलं गोलसर लॅटिन वळण) उभी काठी बऱ्याच अक्षरांत येते. 'आय'ची नुसती काठी. 'एन'ची डावी काठी आणि वरून निघणारी कमान. 'आर'ही जवळपास 'एन'सारखा, फक्त शेवटचा पाय बाहेर फेकलेला. 'सी', 'ई' आणि 'टी' बाद, कारण त्यांचं पोट गोल. 'एल' बाद, कारण त्याची काठी ओळीच्या वर जाते आणि ही जात नाही. म्हणजे तीन शक्यता. 'माइ' असेल तर बहुधा 'माइल', म्हणजे 'माएल'चं एक रूप. माएल म्हणजे मुंडन केलेला सेवक, पुढे संताचं नाव. 'मान' असेल तर मानखान वगैरे. खडूवाल्याने कमान काढून मानखान केलेला आहे. मानखान नावाचा मोठा संत होऊन गेला, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे.

निकाल कशाने लावायचा? त्याच दगडावरच्या 'एम'ने. कोरणारा एकच आहे, त्यामुळे त्याची कमान काठीपासून कुठे सुटते ते 'एम'मध्ये मोजता येतं. दोन्ही कमानी काठीच्या माथ्यापासून ३ मिमीच्या आत सुटतात आणि लगेच १ मिमीपेक्षा खोल जातात. शेवटच्या काठीच्या उजवीकडे मूळ पृष्ठ ४ मिमीपर्यंत शाबूत आहे. त्यापुढचे २ मिमी पापुद्रा उडालेले, मग कड. त्या ४ मिमीत कमानीची सुरुवात दिसायला हवी होती. फिरत्या प्रकाशात कुठल्याच दिशेने ती दिसत नाही. त्रिमित छेदात तिथे ०.१ मिमीचाही खड्डा नाही. काठीच्या माथ्याला डावीकडे त्रिकोणी पाचर आहे, तशी या वळणात असतेच.

वाचन : 'दो मा', पुढे 'आय', अक्षराखाली टिंब. लायडन पद्धतीत (लेख छापताना वापरायच्या खुणांची ठरलेली रीत) टिंब म्हणजे खूण दिसते, पण एकटीच्या बळावर ती दुसरंही अक्षर असू शकते. त्यानंतर चौकोनी कंस, आत काही नाही. 'एल' घालायचा मोह आवरला. माएलने सुरू होणाऱ्या माणसांची नावं आयरिश बखरींत इतकी आहेत, की दोन अक्षरांवरून त्यांतला एक उचलणं म्हणजे 'राम'वरून रामचंद्र, रामदास, रामजी यांतला कोणता ते ठरवण्यासारखं.

बखरींशी सांधा जुळतो तो पूर्ण नाव आणि बापाचं नाव दोन्ही असेल तेव्हा. क्लॉनमॅकनॉइजचा सुइब्ने मॅक माइलेहुमाई हे याचं चांगलं उदाहरण : शिळेवर बापासकट नाव होतं, आणि ८९१ मध्ये वारलेला त्या नावाचा विद्वान आयरिश बखरींतच नाही तर इंग्लंडच्या बखरीतही सापडतो. जॉर्ज पेट्री यांनी एकोणिसाव्या शतकात अशा शिळांची रेखाटनं केली. मार्गारेट स्टोक्स यांनी ती १८७२ पासून छापली. पुढे मॅकॅलिस्टर यांनी १९४५ आणि १९४९ च्या दोन खंडांत सगळे लेख एकत्र केले. मॅकॅलिस्टर यांची मेहनत अफाट, पण त्यांना रिकामी जागा बघवत नसे. त्यांची बरीच वाचनं नंतरच्यांना मागे घ्यावी लागली.

तु. ४ आणि ९ जोडीचे आहेत का? अक्षरांची उंची ५१-५३ आणि ५०-५४ मिमी. दगड तोच पिवळसर, बारीक अभ्रक असलेला. रेघेचा छेद सारखा. 'ओर' इथे संपतं, 'दो' तिथे सुरू होतं. सगळं सुखाचं. पण तु. ९ ची डावी कड गवंड्याने तासलेली आहे, म्हणजे तुटीचे उंचवटे एकमेकांत बसवून बघायची सोय त्यानेच काढून घेतली. आणि भिंतीत असल्यामुळे जाडी माहीत नाही. 'बहुधा एकाच शिळेचे' असं लिहिलं, क्रमांक वेगळेच ठेवले. 'ओर दो' इतक्या शिळांवर आहे, की दोन अर्धवट तुकडे मजकुराने जुळणं हा पुरावा नव्हे.

२६ जानेवारी

२४ तारखेच्या एओविन वादळानंतरची पाहणी. त्या पहाटे देशभर लाल इशारा होता आणि गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी १८० किमीच्या वर झोत नोंदले गेले. इथे ईशान्येकडचा मोठा ॲश मुळासकट आडवा. भिंतीचे तुकडे जागेवर. कट्ट्यावरचा तु. ५ खाली पडला, पण गवतावर, नवी तूट नाही (३० नोव्हेंबरच्या प्रतिकृतीशी ताडून बघितलं).

झाडाचा मुळांचा गड्डा उभा राहिलेला, साधारण अडीच मीटर. त्यात मुळांच्या जाळ्यात अडकलेला एक सपाट वालुकाश्म, दिसणारी बाजू तासलेली, एका कोपऱ्यात वर्तुळाचा भाग. बाजूलाच खड्ड्यात हाडं दिसतात.

हात लावला नाही. मोजपट्टीसह आठ फोटो लांबूनच. त्याच दुपारी राष्ट्रीय स्मारक सेवा, आयर्लंडचं राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आणि कौन्सिल यांना कळवलं. खड्ड्यावर ताडपत्री, कडेला दगड नाही तर वाळूच्या पिशव्या. इथला कुठलाही दगड वजन म्हणून उचलायचा नाही.

कौन्सिलला स्वतंत्र फोन, लाकूडतोड्यांसाठी : खोड कापू नका. आडव्या खोडाचं वजन गड्ड्याला वर धरून ठेवतं. खोड कापलं की गड्डा काही टनांच्या झटक्याने परत खड्ड्यात बसतो. आत दगड असला तर फुटतो, माणूस असला तर मरतो. आधी गड्ड्याला साखळी किंवा टेकू, मग करवत.

८ फेब्रुवारी

सेवेने नेमलेल्या पुरातत्त्वज्ञांनी दगड काढला. आमचं काम फक्त फोटो. गड्डा दोन बाजूंनी साखळीने बांधला, मुळं हाताच्या करवतीने कापली, दगडाखाली फळी सरकवली आणि त्यावर गोणपाट. वेळ साडेतीन तास. ४४० × ३३० × ९० मिमी, अंदाजे २८ किलो. माती लावलेलीच ठेवली. चिकणमाती जागेवर धुतली की खाचांतला रंगाचा किंवा चुन्याचा अंश असेल तर तोही जातो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा नाही, हळूहळू सुकू द्यायचा. तात्पुरता क्रमांक १२. हाडं पुरातत्त्वज्ञांच्या ताब्यात.

१५ मार्च

सुपूर्द करण्याचा संच : १२ कार्डं, १,१८६ मूळ फोटो, त्रिमित प्रतिकृती, २ फिरत्या प्रकाशाच्या फाइल, वाचकांची ९ मूळ रेखाटनं चुकांसकट. प्रत्येक फाइलचा पडताळणी क्रमांक वेगळ्या यादीत. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

तु. ९ च्या भोवतीचं सिमेंट हा उरलेला विषय. विसाव्या शतकातल्या कुठल्यातरी दुरुस्तीत ते भरलंय. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी न सोडणारं, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती दगडातूनच आणि गोठली की पापुद्रा उडवते. उजव्या कडेचा उडालेला २ मिमीचा भाग नेमका सिमेंटला लागून आहे. ते काढून चुना भरायची शिफारस केली आहे. संवर्धकानेच, हाताच्या टाकीने, यंत्र न लावता, आणि एप्रिलनंतर. ओला चुना थंडीत गोठला तर भुसा होतो. तोवर दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच लेन्सने फोटो. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या जागा कोपऱ्यापासून मोजून कार्डावर लिहिल्या आहेत.

तु. १२ अजून सुकतोय. वर्तुळाच्या आत क्रॉसची एक भुजा दिसते. अक्षरं असतील तर ती मातीच्या थराखाली आहेत.